अकरा बरण्या आणि एक चमचा

बर्गन, १४ सप्टेंबर १९८६

आयलिफ,

हे पत्र लिहायला मला तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीने भाग पाडलं. ऑगस्टमध्ये मी तुमच्याकडे आले, तेव्हा जिथे आस्लाउगच्या जिरेनियमच्या कुंड्या असायच्या तिथे अकरा बरण्या होत्या. मी दोनदा मोजल्या. त्या वेळी बोलले नाही, कारण टेबलाशी पाद्री बसला होता आणि तिसरं वाफल खात होता. पाद्र्यासमोर धाकट्या भावाला मूर्ख म्हणणं आपल्या घरात बसत नाही. आता पाद्री नाही.

फोन केला असता. पण फोनवर तू हं हं करतोस आणि खोटं बोलतोस. कागदावर खोटं लिहायचं तर आधी चष्मा शोधावा लागतो, मग पेन, आणि तोवर तुला बहुतेक वेळा खरंच सुचतं.

मला माहीत आहे ते एवढंच. तेविसाव्या वर्षी तू मालवाहू जहाजावरून कुठल्याशा बंदरातली कावीळ घेऊन आलास आणि तिने तुझ्या यकृतात कायमचं बिऱ्हाड केलं. आता तू अठ्ठावन्न वर्षांचा आहेस आणि गेली दोन वर्षं डॉक्टर टांगेन सांगतायत की रक्तातले आकडे चढतायत. त्या अकरा बरण्यांत काय आहे हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नसावं. तेव्हा प्रत्येक बरणीवरचं लेबल जसंच्या तसं उतरवून पाठव. कधी घेतोस, किती घेतोस, कोणाच्या सांगण्यावरून घेतोस, तेही लिही. मी तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. मला लेबल वाचता येतं.

सोबत पार्सल आहे. लोकरी मोज्यांचे दोन जोड, तपकिरी चीज, आस्लाउगला कॉफी, आणि नेहमीप्रमाणे ट्रानच्या चार बाटल्या. हे कॉड माशाच्या यकृताचं तेल यंदा महाग का झालं यावर औषधवाल्याने मला प्रवचन दिलं, ते इथे उतरवत नाही. ‘र’ असलेले महिने, म्हणजे ट्रान घ्यायचे, सुरू झाले. आईचा चमचा काढ.

गुडवेग

·

हामनेस, २८ सप्टेंबर १९८६

प्रिय गुडवेग,

चष्मा सापडला. पेन आस्लाउगने दिलं. खरंच लिहितोय.

लेबलं आस्लाउगने वेगळ्या कागदावर उतरवली आहेत, कारण माझं अक्षर तुला वाचवत नाही असं तू १९४१ पासून सांगत आलीस. मी थोडक्यात सांगतो. खिडकीतल्या पहिल्या बरणीचं नाव ‘यकृतमित्र’. दुसरी ‘यकृतमित्र जादा’. म्हणजे पहिला मित्र कमी पडला तर हा. त्यांत अ जीवनसत्त्व आहे, ई आहे, लोह आहे. तिसरीत पुन्हा अ आणि ड. चौथीत ब, एवढ्या प्रकारचे की बाराखडीच म्हण. पुढे क, जस्त, शार्कची पूड, आणि एका रशियन मुळाची पूड; तिला आमच्या गोठ्यासारखा वास येतो. सगळ्या मिळून सकाळी नऊ गोळ्या, संध्याकाळी सात.

देणारी योर्डिस. मिशन मंडळाची अध्यक्षा. नवरा गेल्यापासून ती बैठकीच्या खोलीत हे विकते. आधी प्रार्थना, मग कॉफी, मग बरण्या. कॉफी प्यायल्यावर हात हलवत परत येणं अवघड असतं. तुला हे कळायचं नाही, तू कोणाकडे कॉफीला जात नाहीस.

डॉक्टर दर वेळी विचारतात, ‘काही औषधं घेता का?’ मी सांगतो, नाही. यात खोटं काय? औषध असतं तर ते योर्डिसला विकू दिलं असतं का?

गंमत सोडून एक सांगतो. टांगेन म्हणाले, वसंतापर्यंत आकडे खाली आले नाहीत तर हा रोगच पुढे सरकतोय असं समजायचं. मग दोन हिवाळे, फार तर तीन. मी विचारलं, नावेचं काय? ते म्हणाले, विका. ‘मारेन’ला गिऱ्हाईकही तयार आहे, योर्डिसचा जावई. परवा येऊन इंजिनवर थाप मारून गेला, जसं काही घोडं विकत घेतोय. आईचं नाव दिलेली नाव मी त्याला द्यायची.

आणि गावाला वाटतं मी पितो. ज्याने चाळीस वर्षं लग्नांतही बेरीच्या रसावर वेळ मारून नेली, त्याला. यकृत म्हटलं की लोकांचं लक्ष आधी बाटलीकडे जातं.

ट्रान मिळालं. चमचा काढला. रोज सकाळी एक, आई भरायची तसा काठोकाठ.

आयलिफ

·

बर्गन, १२ ऑक्टोबर १९८६

आयलिफ,

लेबलं वाचली. आस्लाउगचं अक्षर चांगलं आहे, हे तिला सांग.

तुमच्या बंदरावरचं मासे ठेवायचं कोठार आठव. जागा असली तर येणारा माल आत जातो, सडका परत जातो, बाकीचा विकला जातो. यकृत हे कोठार आहे. क किंवा ब जास्त झालं तर सहसा ते लघवीवाटे बाहेर जातं, म्हणजे योर्डिसला दिलेले पैसे तू गटारात सोडलेस, एवढंच. पण अ बाहेर जात नाही. ते यकृतातच साठतं, थरावर थर. लोहही साठतं. धडधाकट कोठाराला ते काही दिवस चालतं. तुझ्या कोठाराचं छप्पर पस्तीस वर्षांपूर्वीच गळायला लागलंय, आणि तू दोन मित्रांना पाठवून त्यात रोज आणखी पेट्या रचतोस. तुझ्या तीन बरण्यांत अ आहे. ‘जादा’ मित्रात तर इतकं आहे की मी आकडा पुन्हा तपासला. मला वाटलं आस्लाउगकडून एक शून्य जास्त पडलं असेल. पडलेलं नाही.

आजारी यकृताला जीवनसत्त्व कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. कमी असेल तर लागतं. पण कमी आहे की नाही हे रक्त तपासून डॉक्टरने ठरवायचं, कॉफी पाजून योर्डिसने नाही.

तेव्हा आजच सगळ्या बरण्या एका पेटीत भर, पेटी दोरीने बांध. यादी टांगेनना दाखव. ते विचारतील तेव्हा ‘औषध’ या शब्दाचा कीस काढत बसू नकोस, जे जे पोटात घालतोस ते ते सांग.

गोळ्या बंद केल्यावर तुला गळून गेल्यासारखं वाटेल, कारण तुला तसं वाटावं अशी तुझी फार इच्छा असते. वाटलं तर सकाळच्या जोडीला संध्याकाळीही एक चमचा ट्रान घे. आईने आपल्याला त्यावरच वाढवलं. त्याने कोणाचं वाईट झालेलं मी ऐकलेलं नाही.

गुडवेग

·

हामनेस, २० नोव्हेंबर १९८६

प्रिय गुडवेग,

पेटी बांधली. गाठ मी मारली आहे, आता ती कोणालाही सुटायची नाही.

टांगेनना यादी दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, ‘हे सगळं?’ मी म्हटलं, ‘सगळं.’ मग विचारलं, ‘आणखी काही जीवनसत्त्वं?’ मी म्हटलं, ‘देवाशपथ नाही.’ ते खूश झाले. तुझं नाव विचारलं. म्हणाले, अशी बहीण प्रत्येक रुग्णाला असावी. मी त्यांना सांगितलं, घेऊन जा.

योर्डिस रागावली आहे. मिशन मंडळात माझ्यासाठी प्रार्थना झाली, माझं नाव घेऊन. तिचा जावई आता आठवड्याला दोनदा बंदरावर येतो.

तुझ्या भाकिताप्रमाणे मला गळून गेल्यासारखं वाटतंच, तेव्हा संध्याकाळचा चमचाही सुरू केला. तिसरी बाटली संपत आली, नाताळआधी पाठव. हाडं दुखतात. डोकं दुखतं. हाताची कातडी उकडलेल्या बटाट्यासारखी सोलून निघते आणि केस उशीवर राहतात. आस्लाउग म्हणते वय झालं. वय तिचंही झालंय, तिचे केस जागेवर आहेत.

पुढची रक्ततपासणी जानेवारीच्या अखेरीला आहे. आकडे उतरले तर फेब्रुवारीत मी बाकीच्यांबरोबर कॉडच्या मोसमाला जाणार. जाळी दुरुस्त करून ठेवली आहेत.

आयलिफ

·

बर्गन, ५ डिसेंबर १९८६

आयलिफ,

ट्रानच्या सहा बाटल्या पाठवते आहे, म्हणजे मार्चपर्यंत तुझं रडगाणं नको. सोबत नाताळचा केक. तो आस्लाउगने कापायचा, तू नाही.

कातडी जाते आहे म्हणजे गोळ्यांचं विष बाहेर पडतंय. धीर धर. दोन्ही वेळचा चमचा चुकवू नकोस.

टांगेन समजूतदार गृहस्थ दिसतात.

गुडवेग

·

हामनेस, २ फेब्रुवारी १९८७

फ्रू गुडवेग यांना,

आयलिफ लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तुम्ही मला पत्र लिहीत नाही आणि मी तुम्हाला लिहीत नाही, गेल्या तीस वर्षांत असंच चाललं आणि बरं चाललं. पण आता गरज आहे.

आकडे उतरले नाहीत. ऑक्टोबरपेक्षा वर गेले आहेत. टांगेननी या वेळी अ जीवनसत्त्वासाठी वेगळं रक्त पाठवलं होतं, त्याचा निकाल आला. असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. त्यांनी आयलिफला विचारलं, ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ हा म्हणाला, ‘एकही नाही.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण माझ्याही मनात तेच आलं.

परत आल्यावर हा कुत्र्याला फिरवायला गेला, तेव्हा मी नावघर धुंडाळलं. जाळ्यांखाली, रंगाच्या डब्यांमागे, इंजिनच्या खोक्यातसुद्धा. तुम्ही बांधायला सांगितलेली पेटी तिथेच आहे, गाठ जशीच्या तशी. मी एक गोष्ट मात्र करून बसले. योर्डिसकडे जाऊन विचारलं, हा तुझ्याकडून चोरून घेतो का? ती म्हणाली, ‘बिचारा. शेवटी माणूस कशाचाही आधार घेतो.’ म्हणजे हो की नाही, ते तिने सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की मी माझ्याच नवऱ्यावर पाळत ठेवते.

हिरड्यांतून रक्त येतं. बाकीच्या नावा गेल्या. हा खिडकीशी बसून त्यांचे दिवे मोजतो. जावयाने परवा किंमत सांगितली, यानं नाही म्हटलं नाही. मला त्याचीच भीती वाटते.

तुम्ही शिकलेल्या आहात. तुमचं तो ऐकतो. तो खरं बोलतोय का, एवढं विचारा.

आस्लाउग

·

बर्गन, ७ फेब्रुवारी १९८७

आयलिफ,

आस्लाउगने सगळं कळवलं.

रक्ताला शपथा घेता येत नाहीत, त्यामुळे ते तुझ्यापेक्षा विश्वासार्ह आहे. अ जीवनसत्त्व हवेतून येत नाही. ते तोंडावाटे जातं, आणि तुझं तोंड तुझ्या ताब्यात आहे असं मी आजवर धरून चालले होते. गोळ्या कुठे लपवल्यास ते मी विचारत नाही. नऊ वर्षांचा असताना साखर कोळशाच्या बादलीत लपवायचास, तेव्हा जागा निवडण्यात तू कधी हुशार नव्हतास. आस्लाउगला फक्त शोधायचा सराव नाही.

मी तुला कोठाराचं उदाहरण दिलं. पाचवीतल्या मुलीला कळेल असं. ते कळूनही तुला योर्डिसची कॉफी सोडवत नसेल, तर त्या जावयाला नाव देऊन टाक. किमान तो ती बुडवणार तरी नाही.

आईला तू खोटं बोललेलं कळायचं ते तुझ्या कानांवरून. मी इतक्या लांबून तुझे कान पाहू शकत नाही. पाहायची इच्छाही नाही.

गुडवेग

·

हामनेस, १२ फेब्रुवारी १९८७

गुडवेग,

मी खोटं बोललेलो नाही. आस्लाउगला दोनदा सांगितलं, टांगेनना तीनदा. तुला एकदा सांगतो, कारण तुझ्यासाठी एकदाच पुरे व्हायला हवं होतं.

तुझ्या बाटल्यांतल्या आठ संपल्या. उरलेल्या दोन न उघडता परत पाठवतो आहे. तुझ्याकडून मला काही नको. मोजे पायात आहेत म्हणून राहिले.

आयलिफ

·

बर्गन, १९ फेब्रुवारी १९८७

आयलिफ आणि आस्लाउग,

हे पत्र दोघांना आहे. आस्लाउगने मोठ्याने वाचावं, कारण आयलिफ ते फाडेल.

पार्सल काल आलं. मी दोन्ही बाटल्या लिहायच्या टेबलावर ठेवल्या आणि तुला कडक उत्तर लिहायला बसले. पहिला परिच्छेद उत्तम जमला होता. पुढचा शब्द शोधताना समोर पाहिलं. बाटलीचं लेबल माझ्याकडे तोंड करून होतं. मी ते वाचलं. पंचेचाळीस वर्षं मी त्या बाटल्या विकत घेते आहे आणि ते लेबल काल पहिल्यांदा वाचलं.

एका चहाच्या चमच्यात अ जीवनसत्त्व किती, ते त्यावर छापलेलं आहे. आईचा चमचा तीन चहाच्या चमच्यांएवढा आहे. काल मी पाणी घालून माझ्याकडच्या जोडीच्या चमच्यावर मोजून पाहिलं. दोन वेळा काठोकाठ, म्हणजे सहा. बेरीज केली. दिवसाच्या गरजेच्या सुमारे सहापट, रोज, ऑक्टोबरपासून. त्याआधी सकाळचा चमचा आणि वर त्या तीन बरण्या. आणि मोसम सुरू झाल्यापासून तुमच्या ताटात कॉडबरोबर कॉडचं यकृतही असणार. ते मी गणितात धरलेलं नाही, कारण तोवर माझा हात थांबला होता.

लपवलेली गोळी एकही नव्हती. जे होतं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर होतं, दिवसाढवळ्या, माझ्या सांगण्यावरून. संध्याकाळचा चमचा माझा. सहा बाटल्या माझ्या. कातडी सोलते, हाडं दुखतात, केस जातात, ही अ जास्त झाल्याची लक्षणं आहेत. ती पुस्तकात आहेत. पुस्तक माझ्या कपाटात आहे. मी तुला लिहिलं, विष बाहेर पडतंय, आणि आणखी पाठवलं.

‘ट्रानमध्ये मुख्यतः अ आणि ड’ हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. एखाद्या मुलीने परीक्षेत ते चुकवलं तर गुण कापले. आणि तरी, तुझ्या अकरा बरण्या तपासताना, मी बारावी स्वतःच्या हाताने पार्सलमध्ये भरली. मला ती बरणी दिसलीच नाही. माझ्या लेखी ते ट्रान होतं. आई ते चमच्यात भरायची, आपण नाक दाबायचो, आणि बर्फ पडायचा. त्याला कोणी जीवनसत्त्व म्हणतं का?

काल दुपारी मी टांगेनना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘फ्रू, मी त्याला तीन वेळा विचारलं, जीवनसत्त्वं घेता का. ट्रान घेता का, हे एकदाही विचारलं नाही. मी स्वतः आज सकाळी घेतलंय.’ ते तुमच्याच बाजूचे आहेत, दोन खाड्यांपलीकडचे. मला थोडं बरं वाटलं. फार नाही.

ते म्हणतात, ट्रान आजपासून बंद, माशाचं यकृत बंद, आणि एप्रिलअखेर पुन्हा रक्त. साठलेलं हळूहळू उतरतं, काही महिने लागतात. जे आकडे त्यांनी रोगाच्या नावावर टाकले होते, त्यातले किती रोगाचे आणि किती चमच्याचे हे तेव्हा कळेल. तोवर दोन हिवाळ्यांची गोष्ट त्यांनी मागे घेतली आहे. नाव विकू नकोस. जावयाला म्हणावं, इंजिनवरचा हात काढ.

आयलिफ, मी तुला खोटारडा म्हटलं. तू नव्हतास. कोळशाच्या बादलीचं लिहायला नको होतं. या प्रकारची वाक्यं मला नीट लिहिता येत नाहीत, सराव नाही. पण लिहिली आहेत आणि खोडलेली नाहीत, हे पाहून घे.

आस्लाउग, तू विचारलं होतंस, तो खरं बोलतोय का. बोलत होता. तू मला शिकलेली म्हणालीस, त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. आणि एक. आपल्याकडे मोठ्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय ‘तू’ म्हणत नाहीत. तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. मला ‘तू’ म्हण.

गुडवेग

·

हामनेस, ५ मे १९८७

प्रिय गुडवेग,

तू. हे लिहून मी कॉफी प्यायले, मग पुढे लिहायला बसले. सवय व्हायला वेळ लागेल.

एप्रिलचं रक्त आलं. अ अजून जास्त आहे, पण बरंच उतरलंय, आणि यकृताचे आकडेही त्याच्यामागून खाली आलेत. टांगेन म्हणाले, यकृत जुनं जखमी आहे, ते नवं होणार नाही, पण त्याला मारत होतं ते बरंचसं बाहेरून येत होतं. आयलिफने विचारलं, ‘हिवाळे किती?’ ते म्हणाले, ‘आता मी मोजणं बंद केलंय, तुम्हीही करा.’ पुढच्या मोसमाला जायचं की नाही ते शरद ऋतूतल्या तपासणीनंतर.

हिरड्यांच्या रक्ताचंही कळलं. याच्यात के जीवनसत्त्व कमी आहे. म्हणजे अकरा बरण्यांत आणि तुझ्या बाटल्यांत मिळून जगातलं सगळं होतं, फक्त याला हवं होतं ते सोडून. ते आता दवाखान्यातून मिळेल, मोजून.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. त्याने फाडलं नाही. कोळशाच्या बादलीपाशी म्हणाला, ‘थांब.’ मग म्हणाला, ‘साखर खरंच तिथे असायची. तिला कोणी सांगितलं?’ मग बाहेर जाऊन नाव रंगवायला लागला. पत्र त्याच्या आतल्या खिशात आहे. धुताना काढून ठेवते.

योर्डिसने विचारलं, कशाने उतार पडला? मी सांगितलं, ट्रान सोडल्याने. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी चर्च सोडलं म्हणाले. आता गावात चर्चा आहे की आयलिफ दारू पीत नव्हता ते एकवेळ ठीक, पण ट्रानही पीत नाही म्हणजे त्याचं काही खरं नाही.

टांगेन सांगतात, घरात जे जे आहे ते दवाखान्यात आणून जमा करा, कोणाच्या हातून पुन्हा उघडायला नको. आयलिफ म्हणतो, माझं मी देईन, तिचं तिने येऊन द्यावं. मी याचा अर्थ असा लावते की तू यावंस. पाहुण्यांच्या खोलीत जिरेनियम ठेवले आहेत, कारण खिडकीची त्यांना आता नीट सवय राहिली नाही.

तुझी,
आस्लाउग

·

जिल्ह्याच्या दवाखान्यात जमा केलेल्या वस्तूंची नोंद
सोमवार, १ जून १९८७

देणारे: आयलिफ आणि आस्लाउग, हामनेस. गुडवेग, बर्गन. घेणारी: पाळीवरची नर्स. नोंद गुडवेगच्या हातची, कारण नर्सला घाई होती आणि तिचं अक्षर वाचवत नाही.

बरण्या, खिडकीतल्या, अकरा. त्यांतल्या आठ अर्ध्या, तीन न उघडलेल्या. पेटी दोरीसकट दिली. गाठ सुटली नाही, दोरी कापावी लागली. आयलिफला याचा अभिमान वाटला.

ट्रानच्या भरलेल्या बाटल्या, दोन. हामनेसहून बर्गनला आणि बर्गनहून इथे, न उघडता. गुडवेगने स्वतः दिल्या. नर्सने विचारलं, चांगलं ट्रान आहे, मी घरी नेऊ का? तिला आधी तिचं यकृत कसं आहे ते विचारलं. ठणठणीत आहे म्हणाली. तरी दिल्या नाहीत.

ट्रानच्या रिकाम्या बाटल्या, आठ. आस्लाउगने बेरीच्या रसासाठी परत मागितल्या. परत दिल्या.

मिळालं: के जीवनसत्त्वाची लहान बाटली, एक. नाव, प्रमाण आणि तारीख लिहिलेली. लेबल देणाऱ्यांनी एकेकदा आणि गुडवेगने दोनदा वाचलं.

आईचा चमचा, शिंगाचा, एक. जमा केला नाही. आयलिफने द्यायचं नाकारलं. गुडवेगने विचारलं, कारण काय लिहायचं? आयलिफ म्हणाला, ‘लिही, रिकामा आहे.’